किनाऱ्यावरील घर आणि जपानी लावा

जून महिना लागला की कोकणच्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढून घेतल्या जातात, झावळ्यांनी शाकारल्या जातात आणि मासेमारी थांबते. वाळत घातलेली मासळी घरात येते, जाळी दुरुस्तीसाठी पडवीत पसरली जातात. ज्या घरात होडीबरोबर थोडी वाडीही आहे, त्या घराला नारळ-सुपारीचा आधार असतो. परंतु ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या व रत्नागिरीच्या उत्तर भागाच्या अनेक वाड्यांतून हा आधारच काढून घेतला. पुन्हा लावलेली पोफळ पाच ते सात वर्षांनी धरू लागते. बाणवली जातीच्या माडास सहा ते आठ वर्षे लागतात. रोप लावल्यापासून पहिले उत्पन्न हाती येईपर्यंतचा हा काळ घरच्या माणसांनी कसा काढावा, हा प्रश्न किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांपुढे अजून उभा आहे.

अशा घरास मोठा कुक्कुटपालनाचा व्यवसाय झेपत नाही. त्यासाठी जागा, भांडवल व बाजारपेठ या तिन्ही गोष्टी मोठ्या लागतात. मात्र पडवीच्या एका कोपऱ्यात मावणारा, घरच्या स्त्रियांना व शाळकरी मुलांना सांभाळता येणारा आणि दीड-दोन महिन्यांत अंडी देऊ लागणारा एक लहानसा पक्षी या जागी उपयोगी पडू शकतो. तो म्हणजे जपानी लावा. हा पक्षी पाळणे सोपे आहे असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. किनाऱ्यावरील हवा, पाणी व मीठ यांचा विचार न करता देशावरच्या पद्धतीने लावे पाळणाऱ्यास पहिल्याच पावसाळ्यात तोटा सोसावा लागतो. म्हणून या लेखात सर्वसाधारण माहिती थोडक्यात देऊन समुद्रकाठच्या विशेष अडचणींचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

रानातला लावा व पिंजऱ्यातला लावा

लावा हा पक्षी कोकणी शेतकऱ्यास नवा नाही. पहिला पाऊस पडून कातळसड्यावर गवत उगवले की त्यातून दोन ठोक्यांची ‘व्हिच-व्हिच’ अशी साद सकाळ-संध्याकाळ ऐकू येऊ लागते. छातीवर काळा डाग असलेला हा पावसाळी लावा त्याच दिवसांत वीण करतो. हिवाळ्यात त्याच्याहून किंचित मोठा करडा लावा उत्तरेकडून पाहुणा म्हणून येतो. याखेरीज लाव्यासारखाच दिसणारा, पण पायास मागचे बोट नसलेला एक लहान पक्षी वरकस जमिनीच्या कडेला आढळतो. त्याच्यात अंडी उबविण्याचे काम नर करतो. पायवाटेने जाताना अगदी पायाखालून भुर्रकन उडून पुन्हा गवतात दडणारे हे पक्षी सर्वांनी पाहिलेले असतात.

हे सर्व रानपक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली त्यांना पकडणे, मारणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. फासे लावून धरलेले लावे पिंजऱ्यात टाकले म्हणजे लावापालन होते, अशी समजूत काही ठिकाणी आहे. कार्यकर्त्यांनी ती वेळीच दूर करावी. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी रानातला लावा पिंजऱ्यात अंडी देत नाही. तो जाळीवर डोके आपटून मरतो.

पाळावयाचा लावा हा निराळा पक्षी आहे. जपानात तो प्रथम त्याच्या आवाजासाठी पाळला जाई. अंड्यांसाठी व मांसासाठी त्याची पैदास विसाव्या शतकाच्या आरंभापासून होऊ लागली, आणि तेथील तोयोहाशी हे किनाऱ्यावरचे शहर लाव्याच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. भारतात हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून इज्जतनगर येथे आणला गेला व तेथील संशोधनातून त्याच्या निरनिराळ्या जाती तयार झाल्या. रानलाव्याशी असलेल्या साधर्म्यामुळे याच्या पालनावरही वन्यजीव कायद्याचे सावट राहिले होते. २०११ मध्ये केंद्र शासनाने नव्या लावापालनास प्रतिबंध केला व पुढे तो उठविला. तरीही पिल्ले ज्या उबवणी केंद्रातून आणली त्याची पावती जपून ठेवावी. पक्षी कोठून आले हे विचारले गेल्यास तीच उपयोगी पडते. पाळीव लावे कंटाळून रानात सोडून देणे हेही योग्य नव्हे. ते मांजर-मुंगसांच्या तोंडी पडतात, आणि जे जगतात ते रानलाव्याशी संकर करून मूळ जातीची शुद्धता घालवितात.

पिल्लांचे पहिले पंधरा दिवस

लाव्याचे अंडे सुमारे १० ते १२ ग्रॅम वजनाचे असते व ते १७ ते १८ दिवसांत उबते. जपानी लावी पाळीव अवस्थेत खुडूक होत नाही, त्यामुळे अंडी यंत्रात उबवावी लागतात. खुडूक कोंबडीखाली ती ठेवता येतात. परंतु भारी अंगाच्या कोंबडीच्या पायाखाली पुष्कळ अंडी फुटतात, आणि कोंबडीचे रोग पिल्लांना लागण्याचा धोकाही असतो. उबवणी यंत्र घरी आणण्याची हौस आरंभी टाळावी हे बरे. किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज कधी जाईल व कधी येईल याचा नेम नसतो. विश्वासाच्या केंद्रातून एक दिवसाची, आणि नवशिक्याने शक्यतो दोन-तीन आठवड्यांची पिल्ले आणणे स्वस्त पडते. ही थोडी महाग वाटली तरी त्यांच्यातील मरतूक आपल्या वाट्यास येत नाही.

एक दिवसाच्या पिल्लाचे वजन जेमतेम ७ ते ८ ग्रॅम भरते. एवढ्याशा जिवास स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी ती कमी करावी. पूर्वी साधा पिवळा दिवा टांगला की उजेड व ऊब दोन्ही मिळत. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत. त्यांनी उजेड भरपूर पडतो पण ऊब मिळत नाही, आणि दिवा लावूनही पिल्ले गारठून मेली अशी तक्रार ऐकू येते. उबेसाठी तारेचा जुना दिवा अथवा खास उष्णता देणारा दिवाच हवा. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या वायूने पिल्ले आणि माणसे दोघांच्याही जिवास धोका असतो.

उष्णता बरोबर आहे किंवा नाही हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकावर एक गर्दी करून चिवचिवाट करीत असतील तर त्यांना थंडी वाजत आहे. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून पडली असतील तर उकडत आहे. सर्वत्र सारखी पसरून टिपत असतील तर माणसाने झोपण्यास हरकत नाही. एका बाजूस दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे असे समजावे. समुद्रावरून दिवसा येणारा खारा वारा व रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे या दोन्ही दिशा ध्यानात घेऊन आडोसा करावा लागतो. संध्याकाळी नीट वाटलेला आडोसा पहाटे उलट्या बाजूस पडलेला असतो.

तळाशी गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय फाकून पिल्ले कायमची लंगडी होतात. पन्हळीचा जाड कागद अथवा जुने खरखरीत फडके घालावे. पाण्याच्या उथळ भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकावेत, नाहीतर बोटभर पाण्यातही पिल्लू बुडून मरते. ठेवावयाच्या पेटीच्या पायांखाली पाण्याचे डबे ठेवावेत. लाल मुंग्यांना ही पिल्ले एका रात्रीत पुरतात. मुंग्यांचा हा उपद्रव बहुतेक पुस्तकांतून वगळलेला असतो, परंतु झाडोऱ्यातल्या घरांत पिल्ले दगावण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पाणी, मीठ आणि मासळी

किनाऱ्यावरील लावापालनाचे यश फार करून या एका बाबीवर अवलंबून असते.

एप्रिल-मेमध्ये समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत ते अधिक खारट लागते, भांगाच्या भरतीत थोडे निवळते. माणूस ते पाणी टाळतो, पण पक्ष्यांना तेच घातले जाते. एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार एक ग्रॅमपर्यंत असतील तर ते पाणी निर्धास्तपणे द्यावे. एक ते तीन ग्रॅमपर्यंत पक्ष्यांची विष्ठा पातळ होते. तीन ग्रॅमच्या वर गेल्यास वाढ खुंटते व मरतूक वाढते, आणि पाच ग्रॅमच्या वरचे पाणी पक्ष्यांना देण्यास अयोग्यच होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे सहा भाग गोड्या पाण्यात एक भाग समुद्राचे पाणी शिरले तरी मर्यादा ओलांडली जाते. जिभेला खारटपणा जाणवू लागला की ते पाणी बंद करून घरचे पिण्याचे पाणी द्यावे. शंभर मोठ्या लाव्यांना दिवसास साधारण पाच ते सहा लिटर पाणी पुरते. एवढे पाणी वेगळे काढणे कोणत्याही घरास जड जाऊ नये.

पाण्याहून मोठी चूक मासळीची होते. लाव्यास कोंबडीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. पिल्लांच्या खाद्यात ती शेकडा २४ ते २७ व अंडी देणाऱ्या माद्यांच्या खाद्यात सुमारे २० असावीत. बाजारात मिळणारे मांसल कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य शेकडा २२-२३ प्रथिनांचे असते; ते थोडे कमी पडते. किनाऱ्यावरील माणसास त्यावरील उपाय दारातच दिसतो: सुकी मासळी. विचार बरोबर आहे, परंतु कोणती मासळी, हे पाहिले जात नाही. खारवून वाळविलेल्या मासळीत सुमारे पाचवा हिस्सा मीठच असते. अशी मासळी शंभर किलो खाद्यात पाच किलो मिसळली तर एक किलो मीठ आत जाते. सर्व मिळून शंभर किलो खाद्यात मीठ अर्धा किलोच्या आत असावयास हवे, आणि तयार खाद्यात ते अगोदरच घातलेले असते. मग पक्षी सारखे पाणी पितात, विष्ठा पाण्यासारखी होते, पोटे फुगतात, पाय लटपटतात आणि दोन-तीन दिवसांत पिंजराच्या पिंजरा रिकामा होतो. घरची माणसे याला रोग समजून औषध शोधत फिरतात. विषबाधेची ही गोष्ट कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरी स्वतंत्रपणे सांगावी. सभेत सांगून ती लक्षात राहत नाही.

मीठ न लावता उन्हात वाळविलेला जवळा त्यामानाने चांगला. मात्र तो वाळूत पसरून वाळविलेला असल्यास त्यात वाळू व समुद्राचे मीठ दोन्ही असतात. तो गोड्या पाण्यात खळबळून, पुन्हा कडकडीत वाळवून, कुटून घ्यावा आणि शंभर किलो खाद्यास पाच किलोपेक्षा अधिक घालू नये. एवढ्याने खाद्यातील प्रथिने शेकडा २४ च्या पुढे जातात. विक्रीच्या अगोदर आठवडाभर जवळा बंद करावा, अन्यथा मांसास व अंड्यांस मासळीचा वास येतो.

समुद्राकडून मिळणारी खरी देणगी म्हणजे शिंपले. अंडी देणाऱ्या लावीच्या खाद्यात शेकडा अडीच ते तीन भाग कॅल्शियम लागते, आणि शिंपल्यांच्या कवचात ते भरपूर असते. तिसऱ्यांची व कालवांची रिकामी कवचे खाडीकाठी ढिगांनी पडलेली असतात. ती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, पावसात महिनाभर पडू देऊन, वाळवून, बाजरीच्या दाण्याएवढी बारीक करावीत व निराळ्या भांड्यात ठेवावीत. मादी आपल्या गरजेपुरती टिपून घेते. भट्टीतला चुना मात्र देऊ नये. पिल्लांना व नरांना शिंपल्याची गरज नसते. पिल्लांना अधिक कॅल्शियम अपायकारक ठरते.

लाव्यांना धुळीत लोळण्याची फार आवड असते. त्यासाठी किनाऱ्यावरची वाळू आणून ठेवली जाते. तीही धुतल्यावाचून ठेवू नये. वाळूत लोळणारा लावा ती टिपतोही.

पिंजरा

वीस मोठ्या पक्ष्यांना ८० सेंटीमीटर लांब व ५० सेंटीमीटर रुंद पिंजरा पुरतो. उंची मात्र २५ सेंटीमीटरपेक्षा अधिक ठेवू नये. प्रथमदर्शनी हे निर्दयपणाचे वाटते, परंतु दचकलेला लावा सरळ वर उसळतो. छत उंच असले तर त्याला वेग घेण्यास जागा मिळते व डोके फुटते. आकाश गडगडले, कुत्रे भुंकले किंवा रात्री कोणी विजेरी घेऊन गेले की सारा पिंजरा एकदम उसळतो. रात्रभर मिणमिणता दिवा ठेवल्यास हा घाबरेपणा कमी होतो.

लोखंडी जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते व तिची तुटलेली टोके पक्ष्यांच्या पायांत शिरतात. जस्ताचा जाड मुलामा दिलेली जाळी घ्यावी आणि चौकट बांबूची अगर सुरूच्या लाकडाची करावी. पिल्लांच्या पिंजऱ्यास जाळीची घरे सहा मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. पिल्लू निसटू नये एवढाच त्यात हेतू नाही; उंदीर व घुशी यांना आत येऊ न देणे अधिक महत्त्वाचे आहे. पिंजरा जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या झडीकडे पाठ करून ठेवावा. पश्चिमेची बाजू झापांच्या कुडाने बंद करावी व पूर्वेची मोकळी ठेवावी.

एक पिंजरा दोन माणसांना उचलता येईल एवढाच असावा. मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे किनाऱ्यावर वादळांचे दिवस होत. मे २०२१ मधील तौक्ते वादळाची पूर्वसूचना मिळालेली होती, आणि आताही अशा सूचना काही दिवस अगोदर मिळतात. पिंजरे हलके असतील तर ते वेळेवर पक्क्या भिंतींच्या आत नेता येतात. निसर्ग वादळानंतर अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून मे अखेरीस व जूनमध्ये अगदी लहान पिल्ले घरात असू नयेत, असे वेळापत्रक आखणे शहाणपणाचे ठरते.

पावसाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे ओल. विष्ठेचा ट्रे एरवी आठवड्यातून दोनदा काढला तरी चालतो. पावसाळ्यात तो रोज काढावा. पिंजऱ्याशी वाकून, पक्ष्यांच्या डोक्याच्या पातळीवर आपले तोंड आणून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर तेथील हवा बिघडली आहे. उभ्याने वास घेऊन हे कळत नाही. खाद्य पंधरा दिवसांना पुरेल इतकेच आणावे व घट्ट झाकणाच्या डब्यात, फळीवर ठेवावे. दमट हवेत मका व शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी धरते आणि तिचे विष उकळूनही जात नाही. बुरशीचा वास येणारे खाद्य “थोडेच आहे” म्हणून घालू नये.

अंडी व उजेड

तिसऱ्या आठवड्यात नर-मादी ओळखू येतात. नराची छाती तांबूस, एकरंगी असते; मादीच्या फिक्या छातीवर काळे ठिपके असतात. कोंबडीच्या उलट, मादी नरापेक्षा वजनाने भारी असते. मांसासाठी पक्षी पाच आठवड्यांत तयार होतो. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडे देऊ लागते आणि उत्तम व्यवस्था असल्यास वर्षाला २५० च्या पुढे अंडी देते. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर नर ठेवण्याची गरज नाही.

कोंबडी सकाळी अंडे देते. लावी मुख्यतः दुपारी तीननंतर दिवेलागणीपर्यंत अंडी देते. त्यामुळे सकाळी पिंजरे पाहून “आज अंडी नाहीत” असे म्हणणारा माणूस घाई करीत असतो. मासळीचा लिलाव आटोपून घरी येण्याची जी वेळ, तीच अंडी गोळा करण्याची वेळ.

अंड्यांवरील ठिपक्यांची नक्षी ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्येक मादीची नक्षी ठरलेली असते: एकीचे अंडे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे, दुसरीचे मोठमोठ्या डागांचे. आठवडाभर लक्ष दिल्यास घरातील मूलही कोणती मादी आज चुकली हे सांगू शकते. नेहमी डागाळलेले अंडे देणाऱ्या मादीचे अंडे एकाएकी फिकट व पातळ कवचाचे येऊ लागले तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. बहुधा शिंपल्याचे भांडे रिकामे झालेले असते, अथवा रात्री उंदराने पिंजऱ्याला त्रास दिलेला असतो.

दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. कोकणात जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरमध्ये तो अकरा तासांवर येतो. मादीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. म्हणून सप्टेंबर अखेरपासून पहाटे पाचपासून उजाडेपर्यंत व संध्याकाळी साडेआठपर्यंत दिवा लावावा. येथे उबेचा प्रश्न नसल्याने एलईडी दिवा चालतो. वेळ मात्र रोज तीच असावी. आज लावला, उद्या विसरला, असे केल्यास काही मादी अंडी बंद करून पिसे टाकू लागतात.

हिशेब व बाजार

मोठा लावा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम खातो. शंभर माद्यांना रोज अडीच किलो खाद्य लागते, आणि त्यांपासून दिवसास सरासरी ७५ अंडी मिळतील असे धरण्यास हरकत नाही. म्हणजे एक किलो खाद्यामागे ३० अंडी. आपल्या गावी खाद्याचा जो दर असेल त्याला ३० ने भागावे. एका अंड्यामागे खाद्याचा खर्च निघेल. त्यात पिल्लांची किंमत, दिवा व मरतूक यांसाठी निम्मी भर घालावी. या रकमेपेक्षा बरीच अधिक किंमत देणारे गिऱ्हाईक आहे का, याचा शोध पिल्ले आणण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. पिल्ले आणल्यानंतर बाजार शोधणे हा तोट्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. आरंभ पन्नास पक्ष्यांनी करावा.

किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे पर्यटक येतात व खानावळी या पक्ष्याची व अंड्यांची मागणी करतात. दुसरी मागणी जूनमध्ये, ताजी मासळी बंद झाल्यावर निर्माण होते; ती श्रावणापर्यंतच टिकते. श्रावणात पिंजऱ्यात तयार पक्षी अडकून पडले तर ते केवळ खातात. अंडी उबविण्यास ठेवल्यापासून पक्षी विक्रीस येईपर्यंत साधारण ५२ दिवस लागतात. १५ एप्रिलच्या सुमारास ठेवलेली अंडी २ मेच्या आसपास फुटतात व पक्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार होतात. ही तारीख धरून केंद्राकडे पिल्लांची मागणी अगोदर नोंदवावी. गणपतीसाठी चाकरमानी गावी येतात, पण तेव्हा बहुतेक घरांत सामिष वर्ज्य असते; जेथे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तेथे एक-दोन दिवस मागणी होते. त्या भरवशावर मोठी तुकडी काढू नये.

लाव्याची अंडी दमा, क्षय व रक्तदाब बरा करतात असे सांगून ती चढ्या भावाने विकली जातात. त्यास भरवशाचा आधार नाही. ते चांगले, पौष्टिक अंडे आहे. पाच अंडी मिळून कोंबडीच्या एका अंड्याएवढी होतात. खरे सांगून विकल्यास गिऱ्हाईक पुन्हा येते.

रोग व पाहुणे पक्षी

कोंबडीच्या मानाने लाव्यास रोग कमी होतात, परंतु त्यांना रोग होतच नाही ही समजूत चुकीची आहे. घाणीतून होणारा आतड्यांचा व्रणरोग व रक्ती हगवण हे दोन नेहमीचे होत. लावे व कोंबड्या एकाच जागी ठेवू नयेत. विशेष सावधगिरी बर्ड फ्लूच्या बाबतीत घ्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात हा रोग आढळला होता. तो रानटी पाणपक्ष्यांकडून येऊ शकतो, आणि लावा त्याला बळी पडतो. हिवाळ्यात खाडीवर व वाळूवर कुरवांचे थवे उतरतात, तुताऱ्या चिखलात चोच खुपसत फिरतात. ते दृश्य दुरून पाहण्यास मनोहर असते. मात्र खाडीच्या चिखलातून आलेल्या पायांनी पिंजऱ्याजवळ जाऊ नये, खाडीचे पाणी ट्रे धुण्यास वापरू नये आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला पक्षी मुलांनी उचलून घरी आणू नये. एकाएकी पुष्कळ पक्षी मेल्यास किंवा किनाऱ्यावर अनेक मेलेले पक्षी दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेलेले पक्षी खाडीत फेकू नयेत. एरवी एखादा पक्षी मेल्यास तो खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

राहता राहिले खत. शंभर लाव्यांची विष्ठा थोडी दिसते पण ती नत्राने समृद्ध असते व ताजी घातल्यास रोपाची मुळे जाळते. ती भाताच्या तुसाबरोबर व पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात थरांनी भरून, वरून झावळ्या झाकून तीन-चार महिने कुजू द्यावी. पावसाचे पाणी खड्ड्यात शिरू नये म्हणून भोवती बांध घालावा. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, हे खत पोफळीच्या व माडाच्या नव्या रोपांच्या आळ्यात बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीत मिसळून घालावे आणि लगेच पाणी द्यावे.